आधी आंघोळ, मग रंग: जुने प्लास्टिकचे सैनिक रंगवताना या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की पेठेतली पोरं पिशव्या घेऊन माझ्या दारात येतात. पिशवीत कुणाच्या तरी मामाच्या माळ्यावर सापडलेले एअरफिक्स या ब्रिटिश खेळणी कंपनीचे जुने सैनिक असतात, अर्धवट रंगवलेले. प्रश्न ठरलेला: "काका, रंग का निघतोय?" मी विचारतो, धुतले होतेस का? मग पोरगं असं बघतं, जणू मी मावळ्यांना अभ्यंगस्नान घालायला सांगतोय.

घालायचंच असतं, राव. एअरफिक्सनं 1959 पासून काढलेले ते इंचभर उंचीचे सैनिक पॉलिथिनचे आहेत. साच्यातून सुटावेत म्हणून वापरलेल्या तेलाचा अंश त्यांच्यावर असतो, आणि पॉलिथिन मुळातच कुठल्या रंगाला अंगाला लावून घेत नाही. मी आठवीत होतो तेव्हा गल्लीतल्या किल्ल्यासाठी दोन डझन फ्रेंच घोडेस्वार रात्रीत भगवे-पांढरे केले. दाराला लावून उरलेला ऑइलपेंट होता. दोन दिवस पन्हाळा झकास दिसला. तिसऱ्या दिवशी वाकलेला एक भाला सरळ करायला गेलो, तर रंगाची सापाच्या कातीसारखी अख्खी नळीच हातात आली. संध्याकाळपर्यंत निम्मी फौज नागडी. बघायला आलेल्या आजोबांनी विचारलं, "बाळ, हे मावळे लुटले कुणी?" ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून माझी सवय एकच. भांडी घासायचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश आणि एक अख्खी रात्र वाळवण. मग इथं कोल्हापुरात उद्यमनगरात गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या बंपर प्रायमरचा पातळ हात. गाडीचा बंपर पॉलिथिनच्याच भावकीतला असतो, म्हणून हा प्रायमर चालतो. तो नसेल तर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा एक थर. त्यावर अ‍ॅक्रिलिक. ते वाकतं, ऑइलपेंट तडकतो. भाले, तलवारी, घोट्याचा भाग इथं रंग शक्य तितका पातळ ठेवा. वाकलेला भाला आधी कडकडीत पाण्यात बुडवून सरळ करायचा आणि लगेच गार पाण्यात धरायचा. रंगवल्यावर नाही.

पण हातातला सैनिक पॉलिथिनचा आहे हे कळणार कसं? तळपट्टीचा नखभर तुकडा कापा आणि साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवा. वर आला तर पॉलिथिन, तळाला गेला तर बहुधा कडक पॉलिस्टायरीन किंवा मऊ पीव्हीसी. हे दोन मिनिटांचं काम कुणी करत नाही, सगळ्यांना थेट तोंडावर डोळे काढायचे असतात. एकानं 54 मिलिमीटरच्या मापाचा, म्हणजे मोठ्या आकाराचा, पॉलिस्टायरीनचा घोडेस्वार जुना रंग काढायला थिनरच्या वाटीत ठेवला आणि चहाला गेला. परत आला तेव्हा वाटीत खीर होती. मी डेटॉल वापरतो. रात्रभर भिजवायचं, डेटॉलमध्येच ब्रशनं घासायचं, रंग पुरता सुटल्यावरच पाणी आणि साबण. आधीच पाणी लागलं तर सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होतो, तो निघता निघत नाही. पीव्हीसीवर इनॅमल तर लावूच नका, वर्षानुवर्षं हाताला चिकटत राहतं.

फेव्हिक्विकवर भरवसा ठेवून पॉलिथिनचे हात-मुंडकी बदलणाऱ्यांना नमस्कार. नखानं सुटतं ते. दोन्ही बाजूंना बारीक भोक पाडा, आत टाचणीचा तुकडा घाला, मग चिकटवा. एम-सीलचा फेटा बांधायचा तरी डोक्यात तार हवीच.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. नेपोलियनच्या काळातला फ्रेंच शिपाई घ्यायचा, त्याला फेटा बांधायचा आणि "बाजीप्रभूंचा मावळा" म्हणून मांडायचा, बंदुकीच्या टोकाला संगीन तशीच! पावनखिंड 1660 ची. नळीभोवती बसणारी संगीन युरोपातच त्या शतकाच्या अखेरीस आली. ती छाटा, आणि बंदुकीवरचा चकमकीचा घोडा, म्हणजे गारगोटी धरणारा खटका, तासून तिथं तांब्याच्या तारेचा तोडा, म्हणजे बंदुकीची पेटती वात, वळवा. एवढं करायचं नसेल तर काळ बदला. 23 सप्टेंबर 1803 ला असईच्या लढाईत इंग्रजांसमोर उभं राहिलेलं शिंद्यांचं कवायती पायदळ करा, तिथं चकमकीची बंदूक आणि संगीन दोन्ही चालतात.

पट्ट्याचे हाल याहून वाईट. मुठीत पातं खोचलं की झाला म्हणे दांडपट्टा! आपल्या कोल्हापुरात मर्दानी खेळ बघायला मिळतो, एकदा जाऊन नीट बघा तरी. पट्ट्याची मूठ हातमोज्यासारखी कोपराकडे चढलेली असते, म्हणून मनगट मोडत नाही, फिरतो तो सगळा हात. 54 मिलिमीटरच्या सैनिकाला मी पुढचा हात मनगटापासून कापतो, एम-सीलची निमुळती नळी करतो आणि तीनेक सेंटिमीटरची पत्र्याची पट्टी तिच्यात आतपर्यंत रोवतो. दोन संध्याकाळी जातात. गडबड असेल त्यानं भालाईत करावा.

घोडा: क्युरासियरचं, म्हणजे चिलखतवाल्या युरोपी घोडेस्वाराचं, धिप्पाड जनावर मावळ्याला देऊ नका. भीमथडीचं तट्टू अंगानं लहान, दुसऱ्या संचातला छोटा घोडा शोधा.

आषाढात मॅट वार्निशचा स्प्रे मारू नका. राजाराम बंधारा पाण्याखाली असताना मी मारला होता. स्प्रेतलं द्रावण झटकन उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल थरात अडकते. बारा शिलेदार पिठात लोळून आल्यासारखे पांढरे. कोरड्या दिवशी वर ग्लॉसचा हात दिल्यावर दहा सावरले. दोन अजून कपाटात आहेत, धुक्यातली तुकडी म्हणून.

आणि वाकवताना तळपट्टी कटकन मोडली, तर तो सैनिक म्हातारा झालाय. त्याच्यावर करवत चालवू नका. आहे तसा रंगवा, खिडकीतल्या उन्हापासून लांब ठेवा आणि किल्ल्यावर तर नेऊच नका, तिथं मांजर असतं.