वर्गात उपक्रम का फसतो? या चुका टाळा

कोल्हापूरच्या शाळांत उपक्रम कमी आहेत असं कुणी म्हणणार नाही. आनंददायी शनिवार आहे, परिपाठ आहे, भिंती तक्त्यांनी भरल्यात, शिक्षकांच्या ग्रुपवर रोज कुणाच्या तरी वर्गाचे फोटो येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तर सहावी ते आठवीदरम्यान दहा दिवस दप्तराविना शाळा सांगतं. अडतं ते पुढं. उपक्रम झाल्यावर पोरांना 'काय केलंत?' विचारलं की धडाधड सांगतात. 'मग काय कळलं?' म्हटलं की एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. त्या तासाभरात डोकं कुणी चालवलं, बाईंनी की पोरांनी, हे तपासलं तर निम्मा घोळ तिथंच सापडतो.

साहित्य देखणं, पोरं प्रेक्षक

रात्री जागून पुठ्ठ्याचा पन्हाळा करून आणला. तटबंदी, बुरूज, तीन दरवाजा, सगळं जिथल्या तिथं. पोरं 'लई भारी' म्हणतात, टाळ्या वाजतात, तास संपतो. मोजमाप, प्रमाण, कुठली वास्तू कुठं, हा सगळा विचार आदल्या रात्री घरी होऊन गेलेला असतो.

साहित्य मुद्दाम अर्धवट आणा. गडाचा नुसता आकार काढलेला पुठ्ठा ठेवा आणि धान्याची कोठारं कुठं बांधाल ते विचारा. पोरं भांडतील, कारणं देतील. मग अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या तीन कोठारांची खरी जागा दाखवा. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात गड महिनोन्महिने तगला, तो कशाच्या जोरावर? धान्य झालं, पाण्याचं काय? इथं कुणीतरी सहलीत बघितलेली गडावरची विहीर, अंधारबाव, आठवून सांगतंच. पुठ्ठा वाकडातिकडा झाला तरी चालेल, फोटो बरा येणार नाही एवढंच.

हात वर तेच चार

प्रश्न विचारला की पुढच्या बाकावरचे ठरलेले हात वर जातात, आपणही वेळ वाचवायला त्यांनाच उठवतो. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांमधली बोलणी नोंदवून तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. हे थांबणं तीन सेकंदांच्या वर गेलं की उत्तरं लांबत होती आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागत होती. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण गप्प वर्गापुढं उभं राहिल्यावर ते फार लांब वाटतात, म्हणून आपण मध्येच तोंड उघडतो.

उपाय फुकटचा आहे. आधी प्रश्न, मग थांबणं, मग सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहून एकदम वर धरणं. कोण कुठं अडलंय ते एका नजरेत दिसतं. नाव घ्यायचं ते शेवटी. आधीच 'हं, तू सांग' म्हटलं की बाकीचा वर्ग सुटला.

विषय गावातला, उत्तर मात्र बाईंचं

परिसराशी जोडा, असं प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. ते बरोबरच आहे, पण फसगत सगळ्यात जास्त इथंच होते. पावसाळ्यात कोल्हापुरात घरोघरी एकच चौकशी असते, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आकडे शेंबड्या पोरालाही पाठ. रेषालेखासाठी यापेक्षा चांगली माहिती कुठं मिळणार? म्हणून बाई फळ्यावर अक्ष आखतात, प्रमाण लिहितात, बिंदू देतात, रेघ जोडतात. पोरं वहीत उतरवतात. पंचगंगा वर्गात आली खरी, पण तास जुन्याच चालीवर झाला.

तोच पाठ असा घेऊन बघा. आठवडाभर पेपरातला आकडा पोरांनीच आणायचा. मग आलेख कागद द्यायचा आणि प्रमाण सांगायचं नाही. बहुतेक जण शून्यापासून एक चौकट एक फूट असं सुरू करतील. सगळी रेघ कागदाच्या वरच्या टोकाला गोळा होईल, काहींचा कागद तर ३५ फुटालाच संपेल. इथं जीभ आवरा. 'सर, बसंना की!' अशी तक्रार आली की वर्गाला विचारा, शून्यापासूनच सुरू करायला पाहिजे का? तळाशी ३० घेतलं तर काय दिसेल, काय लपेल? प्रमाण म्हणजे काय हे पोरांना त्या दहा मिनिटांत कळतं. व्याख्या नंतर सांगा.

पुढं भिंतीकडं चला. इशारा आणि धोका यांत फरक ४ फुटांचा. टेपनं भिंतीवर जमिनीपासून चार फूट मोजून खडूची रेघ मारा, म्हणजे साधारण १२२ सेंटीमीटर, आणि पाचवीतल्या एकाला तिथं उभं करा. रेघ गळ्याशी येते. मघापर्यंत ३९ आणि ४३ हे शेजारचे दोन आकडे होते, आता वर्गात कुजबुज सुरू होते. मग खरा प्रश्न टाका. पाऊस तसाच चालू असताना, नदी पात्राबाहेर पडल्यावर पातळी सावकाश का चढते? नदीकाठी शेत असलेलं एखादं पोर सांगेल, पाणी रानात पसरतंय म्हणून. ते बरोबर आहे. रुंदी वाढली की तेवढ्याच पाण्यानं उंची कमी वाढते. हे वाक्य तुम्ही आधी बोललात तर वर्गाच्या हाती काही राहत नाही.

एक सांभाळा. २०१९ आणि २०२१चा पूर ज्यांच्या घरात शिरला अशी घरं शहरात आहेत, चिखली-आंबेवाडीत तर फारच. तुमच्या वर्गात त्या घरांतली मुलं असतील. 'तुमच्या घरात किती पाणी आलेलं, सांग बघू' असं भर वर्गात कुणाला उठवू नका. आपणहून बोललं तर ऐका.

गटकार्य सुरू, वर्गाचा बाजार

आठ जणांच्या गटात एक लिहितो, दोघं बघतात, बाकीचे पेनावरून भांडतात. गट तिघा-चौघांचा ठेवा. पट साठचा असेल तर गट फार होतील, म्हणून शेजारच्या शेजारी जोड्याच करा. बाक हलवायचा त्रासही वाचतो. वेळ फळ्यावर लिहा आणि गटातर्फे कोण बोलणार ते शेवटी चिठ्ठी टाकून ठरवा. आपलं नाव निघू शकतं म्हटल्यावर मागं टेकून बसणाराही कान देतो. थांबायची खूण आधीच ठरवून ठेवा, टाळीचा ठेका वगैरे. 'ए गप्प बसा' ही खूण नव्हे.

गटांना तालमींची नावं मात्र चुकूनही देऊ नका, इथले फुटबॉल संघ पेठांतल्या तालमींच्याच नावानं खेळतात. फुटबॉलच्या हंगामात तर नाहीच. अपूर्णांक बाजूला राहतील आणि वर्गात पेठांची मॅच सुरू होईल.

गुणांच्या स्पर्धेचंही तसंच. दर तासाला जिंकणारे तेच असले की उरलेला वर्ग तिसऱ्या प्रश्नालाच हात टेकतो. गुण द्यायचेच तर कालच्यापेक्षा किती सुधारलं यावर द्या.

सहल झाली, प्रश्न घरी राहिला

गुऱ्हाळाला नेलं, रस प्यायला, काकवी खाल्ली, परत आलो. त्यात वाईट काही नाही, पण मग तिला सहलच म्हणा. पाठ करायचा असेल तर निघायच्या आधी प्रत्येक जोडीला एकच प्रश्न वाटून द्या. रसात भेंडीचं पाणी का घालतात? चुलवाणात चिपाडं का जाळतात? गूळ करणाऱ्या गुळव्याला पाक झाला हे कसं कळतं? त्याच्या हातात थर्मामीटर नसतो. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते का बघतो. विज्ञानाच्या तासाला बाष्पीभवन शिकवताना रस उकळायच्या त्या मोठ्या कढईची, काहिलीची, आठवण पोरंच काढतात, फक्त तिथं बघायला काहीतरी नेमून दिलेलं पाहिजे.

व्हिडिओचं थोडक्यात सांगायचं तर सलग लावू नका. दोन मिनिटांनी थांबवा आणि पुढं काय होईल ते वहीत लिहायला लावा.

बोलतं पोर मध्येच तोडणं

पोरगी रंगात येऊन सांगत असते, 'बाई, मी काल जोतिबाला गेलतो,' आणि बाई म्हणतात, 'गेलतो नाही, गेले होते.' गोष्ट तिथंच संपते, आणि उद्या ती हात वर करत नाही. आधी पुरतं बोलू द्या. प्रमाण भाषा लिहिताना शिकवा, तिथं ती लागतेच. सीमेलगतच्या गावांत घरी कन्नड बोलणारी मुलं असतात, इचलकरंजीत तर एकेका वर्गात चार-चार घरबोली. अशा मुलांना जोडीत आपल्या बोलीत विचार करू द्या आणि वर्गापुढं मराठीत सांगायला लावा.

घंटा झाली, काम अर्धवट

हे होणारच. घाईघाईत शेवटच्या दोन मिनिटांत सगळी उत्तरं सांगून टाकायचा मोह होतो, तो टाळा. जिथं आलात तिथं थांबा, अडलेला प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून 'पुसू नये' म्हणून चौकट करा, आणि पुढच्या तासाची सुरुवात हजेरी झाल्या झाल्या त्याच प्रश्नानं करा. पाठ टाचणात त्या तासाला दहा मिनिटं मोकळी सोडलेली असतील तर केंद्रप्रमुखांनी विचारलं तरी सांगता येतं.