मैत्रीण जास्त प्यायली तर काय करायचं (हॉस्टेल, पीजीवाल्या मुलींसाठी)

प्यावं की पिऊ नये यावर मला काही सांगायचं नाहीये, ते सांगायला घरचे, शेजारचे, कॉलेजवाले सगळे आहेतच. मला सांगायचंय त्या रात्रीबद्दल, जेव्हा रूममधली एक जण जास्त पिऊन आडवी झालेली असते आणि बाकीच्या आतून कडी लावून एकमेकींकडे बघत बसतात, रेक्टर मॅडमना कळलं तर, घरी फोन गेला तर, आणि मग कुणीतरी म्हणते, अगं झोपू दे तिला, सकाळपर्यंत उतरेल. ही "झोपू दे"च सगळ्यात धोक्याची.

कारण शेवटचा ग्लास खाली ठेवला म्हणून दारू चढायची थांबत नाही, पोटात असलेली दारू पुढचा बराच वेळ रक्तात उतरत राहते, म्हणजे साडेअकराला बडबड करत झोपलेली मुलगी साडेबाराला बेशुद्ध असू शकते. आणि तेव्हा उलटी आली तर ती खोकून बाहेर टाकायची ताकद नसते, उताणी असेल तर उलटी सरळ श्वासनलिकेत जाते.

म्हणून आधी बघा ती झोपलीये की बेशुद्ध आहे. कानाशी जोरात नाव घेऊन हाक मारा, खांदे हलवा, तरी काही नाही तर मानेजवळ खांद्याचा स्नायू जोरात चिमटा. डोळे उघडले, शिवी घातली, हात झटकला तर बरं, पण एकटीला सोडू नका आणि थोड्या थोड्या वेळाने परत उठवून बघत रहा. काहीच हालचाल नसेल तर लगेच १०८. मोबाइलवर एक मिनिट लावून छातीकडे बघत श्वास मोजा, मिनिटाला आठपेक्षा कमी असतील किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचा खंड पडत असेल तरी १०८. ओठ, नखं निळसर किंवा राखाडी पडली (सावळी असेल तर ओठांच्या आतून बघा), अंग गार आणि चिकट लागतंय, बेशुद्धीत उलटी झाली, फिट आली, यातलं कुठलंही एक पुरे, सगळं एकदम दिसायची वाट बघू नका.

अँब्युलन्स येईपर्यंत तिला कुशीवर ठेवायचं. खालचा हात समोर सरळ, वरच्या हाताचा तळवा गालाखाली, वरचा पाय गुडघ्यात काटकोनात दुमडून पुढे, डोकं किंचित मागे म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते, आणि तोंडाचा कल खाली म्हणजे उलटी बाहेर पडते. पाठीमागे भरलेली सॅक लावा म्हणजे ती उताणी होणार नाही. श्वासच थांबला तर परत १०८ वर फोन करून ते सांगतील तसं छातीवर दाबायला लागा.

काय करायचं नाही तेही ऐका, कारण प्रेमापोटी नेमकं हेच केलं जातं. ब्लॅक कॉफी, लिंबूपाणी, ताक यातल्या कशानेही दारू उतरत नाही, ती लिव्हर आपल्या वेगाने काढतं, साधारण एका छोट्या पेगला एक तास, त्याहून लवकर नाही. अर्धवट शुद्धीतल्या मुलीच्या तोंडात काहीही ओतलं तर ते फुफ्फुसात जाऊ शकतं. घशात बोटं घालून उलटी काढायची नाही. शॉवरखाली उभं करायचं नाही, दारूने अंग आधीच गार पडत असतं आणि ओल्या बाथरूममध्ये डोकं आपटलं तर दुसरंच प्रकरण.

आता भीतीचं. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला वय २१ लागतं आणि बाकी दारूला २५, गोव्यात १८, म्हणजे इथल्या कॉलेजातल्या बहुतेक मुली कायद्याने लहानच आणि म्हणून पाय लटपटतात, ते मला कळतं. पण आधी जीव वाचवायचा आणि कायद्याची कागदपत्रं नंतर, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ सालीच परमानंद कटारा केसमध्ये सांगितलंय, इमर्जन्सीत डॉक्टर नाही म्हणू शकत नाही. हॉस्पिटलवाले पोलिसांत नोंद देऊ शकतात, मी खोटं सांगणार नाही, पण नोंदीतून निभावता येतं. आधी १०८ ला फोन, मग रेक्टरला, आणि तेव्हा "मॅडम, ती उठत नाहीये, अँब्युलन्स बोलावलीये, गेट उघडायला सांगा" एवढंच बोला, कुणी आणली कुठून आणली ते सकाळी. डॉक्टरांना मात्र सगळं खरं सांगा, काय प्यायली, किती, कधी, झोपेची किंवा अँग्झायटीची गोळी घेते का. अल्प्राझोलामसारखी गोळी आणि दारू मिळून श्वासच मंदावतो, त्यामुळे ही गोष्ट लपवलीत तर तिच्या जिवावर बेतेल.

पिणारच असाल तर हिशोब तरी माहीत असू दे. ३० मिली व्होडका किंवा रममध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ६५० मिलीच्या ८ टक्के स्ट्राँग बिअरच्या एका बाटलीत जवळपास ४० ग्रॅम, म्हणजे चार छोटे पेग, आणि आपण म्हणतो "मी फक्त बिअर घेतली". मुलांच्या बरोबरीने ग्लास भरायचा हट्ट नको, बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे वजन सारखं असलं तरी तेवढ्याच दारूने रक्तातलं प्रमाण जास्त चढतं, यात कमीपणा काही नाही. उपवासाच्या दिवशी किंवा रिकाम्या पोटी तर नकोच, आधी पोळीभाजी जेवून घ्या, नुसत्या चखण्यावर नाही. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळलं की झोप येत नाही म्हणून चढलंय हे कळतच नाही.

ज्या एकत्र गेल्या त्या एकत्र परत येतात, हा नियम जाण्याआधीच ठरवा. प्यायलेलीने स्कूटी चालवायची नाही, पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि मागे बसणारीचं डोकंही तेवढंच फुटतं. "मी सोडतो तिला" म्हणणारा कितीही ओळखीचा असला तरी तुमच्यातली एक सोबत जाणार. नशेमुळे काय चाललंय तेच कळत नसेल तर शरीरसंबंधाला तिने दिलेला होकार कायद्याने होकार नाही. तसं काही घडलं तर दोष तिचा नाही, आणि एफआयआर कुठल्याही पोलीस स्टेशनला नोंदवता येते.

सकाळी ओआरएस, पेज, मऊ भात. डोकं दुखतंय म्हणून पॅरासिटामॉलच्या गोळ्यांवर गोळ्या नकोत, लिव्हर आधीच कामाला लागलेलं असतं. रोजची गर्भनिरोधक गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली असेल तर ती गोळी घ्यायची चुकली असं धरा.

आणि हे दर वीकेंडला होत असेल, रात्रीचं आठवत नसेल, झोप यावी म्हणून एकटी पीत असेल, तर तिला निवांत वेळी, प्यायलेली नसताना विचारा, चारचौघींत नाही. १४४४६ ही व्यसनमुक्तीची टोल फ्री हेल्पलाइन आहे, मन फारच खचलं असेल तर १४४१६. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे आणि तिथे बायकांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे. रोज भरपूर पिणारीने आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही, थरथर, फिट असं होऊ शकतं, डॉक्टरांना दाखवूनच सोडायची, आणि पहिल्यांदा दाखवायला जाताना तुमच्यापैकी कुणीतरी लेक्चर बुडवून तिच्यासोबत जा.