पान नसलेलं पुस्तक काढताना

पहिल्या कादंबरीचं ई-पुस्तक मी एका रात्रीत काढलं आणि पुढचे पाच आठवडे ते निस्तरत बसले. तुम्ही आधी पाच आठवडे घ्या, मग ती रात्र.

झालं असं की प्रत्येक प्रकरण नव्या पानावर यावं म्हणून मी वर्डमध्ये एंटर दाबत दाबत खाली गेले होते. परिच्छेद सुरू करताना पाच स्पेस. प्रकरणाचं नाव मधोमध दिसावं म्हणून त्याच्याआधी तेवीस स्पेस (नंतर मोजल्या). लॅपटॉपवर सगळं देखणं दिसत होतं. मावशीने फोनवर पुस्तक उघडलं आणि तासाभरात तिचा फोन आला, "अगं, दुसऱ्या प्रकरणानंतर कोरंच आहे सगळं. संपली का गोष्ट?" माझी सगळी एंटरं तिच्या छोट्या पडद्यावर तीन पडदे पांढरे करून बसली होती, आणि प्रकरणाचं नाव उजव्या कडेला आपटून दोन ओळींत मोडलं होतं.

ई-पुस्तकाला पान नसतं. ही एक गोष्ट आधी कळली असती तर माझ्या निम्म्या चुका झाल्याच नसत्या. छापील पुस्तकात पान प्रकाशक ठरवतो. इथे वाचक अक्षर मोठं करतो, काळ्यावर पांढरं करतो, फोन आडवा धरतो, आणि दर वेळी मजकूर नव्याने मांडला जातो. ईपब नावाची जी फाइल असते ती आतून एका छोट्या संकेतस्थळासारखी असते. प्रकरणांच्या एचटीएमएल फाइली, दिसण्याचे नियम सांगणारी एक सीएसएस फाइल, मुखपृष्ठाचं चित्र, आणि हे सगळं झिप करून बांधलेलं. एखाद्या ईपबची प्रत घ्या, नावाच्या शेवटचं 'ईपब' खोडून 'झिप' लिहा आणि उघडून पाहा. मी पाहिलं तेव्हा पोटातली भीती बरीच कमी झाली.

पण फाइलकडे वळण्याआधी मजकूर. प्रकाशक नाही म्हणजे संपादक नाही, मुद्रितशोधक नाही, आणि "हे प्रकरण काढून टाका" असं तोंडावर सांगणारं कुणी नाही. पैसे देऊन संपादक मिळत असेल तर पहिला खर्च तोच करा, मुखपृष्ठाच्याही आधी. मला तेव्हा जमलं नाही, म्हणून मी वाचणाऱ्या तिघांना गाठलं आणि तिघांना वेगवेगळी कामं दिली. एकीने फक्त गोष्ट वाचायची. दुसऱ्याने फक्त कंटाळा आला त्या जागी खूण करायची. तिसरीने शुद्धलेखन. "कशी वाटली?" असं कुणालाही विचारू नका, "छान" याखेरीज उत्तर येत नाही. कंटाळ्याच्या खुणावाल्याने चौथ्या प्रकरणात सहा खुणा केल्या, ते प्रकरण गेलं. गोष्ट वाचणारीने एकच ओळ पाठवली: "आजोबा अकराव्या प्रकरणात वारले ना? मग सोळाव्यात दार कोण उघडतंय?"

त्यानंतर मी एक वही केली. प्रत्येक पात्राचं नाव, वय, नातं, आणि ते शेवटचं कुठल्या प्रकरणात दिसतं. दोन तासांचं काम आहे, ते लिहितानाच करावं.

नाव बदलायचं झालं तर 'शोधा आणि बदला' हे बटण एका फटक्यात दाबू नका. माझ्या नायकाचं नाव राज होतं, ते मी विजय केलं. सगळीकडे, एकदम. नायिकेचं बालपण एका पडक्या राजवाड्याशेजारी गेलं होतं, ते विजयवाड्याशेजारी गेलं. तिचे वडील विजयकारणात पडले. एकेक जागा बघून बदला, कंटाळा आला तरी.

शेवटचं वाचन कानाने करा. फोनमध्ये आणि संगणकात मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय असते. तो यांत्रिक आवाज नाटकी होत नाही, म्हणून तुमच्या वाक्याला सावरूनही घेत नाही. सलग तीन वाक्यं 'होतं'वर संपली की ते कानाला टोचतं. डोळ्याला ते कधीच दिसलं नव्हतं.

आता अक्षरांचं. हा भाग मराठीत लिहिणाऱ्याने नीट वाचावा, कारण परदेशी मार्गदर्शकांत तो सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, असायला हवा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टंकलेला असेल तर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो, कारण आत खरोखर तेच असतं. देवनागरी हा नुसता मुखवटा. माझी पहिली सहा प्रकरणं अशी होती. परिवर्तक (जुन्या फॉन्टातला मजकूर बदलून देणारी प्रणाली) वापरून ती युनिकोडमध्ये आणता येतात, पण आणल्यावर ओळ न् ओळ तपासावी लागते. माझी नायिका 'दऱ्या उतरत' होती, ती परिवर्तनानंतर 'दर्या उतरत' निघाली. डोंगरातून थेट समुद्रात! 'आचाऱ्यांना' बोलावलं होतं तिथे 'आचार्यांना' आमंत्रण गेलं. हा अर्धा र म्हणजे परिवर्तनातला सगळ्यात पहिला बळी. तपासाल तेव्हा ऱ्य आणि ऱ्ह असलेले शब्द वेगळे शोधा: पुऱ्या, सुऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड, वाऱ्यावर.

दुसरा छुपा त्रास 'ॲ'चा. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ साली. त्याआधीच्या सवयीने आणि काही कळफलकांवर अजूनही ते अ अधिक चंद्र असं दोन तुकड्यांत लिहिलं जातं. दिसायला दोन्ही जवळपास सारखी, पण यंत्राच्या लेखी वेगळी. वाचकाने पुस्तकात 'ॲसिड' शोधलं तर निम्म्या जागा सापडणार नाहीत. एकच रूप ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. पुस्तकाच्या नावात ॲ असेल तर दोनदा तपासा, कारण ई-पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानातला शोधही असाच चालतो.

मांडणी करताना एंटर आणि स्पेस यांच्याशी वैर धरा. प्रकरणाच्या नावाला वर्डमधली 'हेडिंग १' ही शैली द्या, अनुक्रमणिका तिच्यावरूनच आपोआप तयार होते. नव्या प्रकरणाआधी 'पेज ब्रेक' टाका. परिच्छेदाच्या पहिल्या ओळीचं अंतर शैलीतच ठरवा. दृश्य बदलताना नुसती ओळ मोकळी सोडू नका. ती नेमकी पडद्याच्या तळाशी आली तर वाचकाला दिसतच नाही, आणि रात्र सकाळ एकाच परिच्छेदात झाल्यासारखी वाटते. मधोमध तीन तारका द्या.

दोन इंग्रजी सजावटी देवनागरीला मानवत नाहीत. एक म्हणजे अक्षरांमधलं अंतर वाढवणं. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून मी ते वाढवलं आणि शिरोरेषा जागोजागी तुटली, जणू शब्दाचे तुकडे दोरीवर वाळत घातले होते. दुसरी म्हणजे प्रकरणाचं पहिलं अक्षर तीन ओळींएवढं मोठं करणं. इंग्रजीत ते एक सुटं अक्षर असतं. आपलं प्रकरण 'स्त्रियांच्या' या शब्दाने सुरू झालं तर मोठं काय करणार? माझ्या फाइलीत नुसता 'स' फुगला आणि उरलेला शब्द त्याच्या काखेत गेला. काढून टाकलं, काही बिघडलं नाही.

फॉन्ट जोडावा का? मुख्य मजकुरासाठी मी जोडत नाही, वाचकाला त्याचा आवडता वापरू देते. जोडायचाच असेल तर खुल्या परवान्याचा घ्या: नोटो सेरिफ देवनागरी, मुक्त, टिरो देवनागरी मराठी. संगणकात आहे म्हणून कुठलाही फॉन्ट पुस्तकात कोंबता येत नाही, त्याचा परवाना वेगळा असतो. आणि फाइलच्या माहितीत भाषेच्या जागी 'मराठी' लिहायला विसरू नका. काही फॉन्टांत ल आणि श यांची मराठी वळणं आणि हिंदी वळणं अशी दोन्ही असतात, आणि कुठलं दाखवायचं हे भाषेच्या नोंदीवर ठरू शकतं.

वर्डची फाइल तयार झाली की कॅलिबर या मोफत प्रणालीतून ईपब करता येतं. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये तिची सुरुवात केली आणि ती अजून सांभाळली जाते. आत शिरून एखादा नियम हाताने बदलायचा असेल तर सिजिल ही ईपब संपादनाची प्रणाली. शेवटी ईपबचेक या तपासणीच्या साधनातून फाइल तपासून घ्या, ते चुकांची यादी ओळीच्या क्रमांकासकट देतं. पहिल्यांदा माझ्या यादीत ८४ ओळी होत्या, पण त्यातल्या बहुतेक एकाच चुकीच्या पुनरावृत्त्या होत्या. वरची पहिली चूक दुरुस्त करा आणि पुन्हा तपासा, यादी निम्म्यावर येते.

मग फाइल तीन ठिकाणी उघडा: फोनवर सगळ्यात मोठं अक्षर करून, गडद पार्श्वभूमीवर, आणि जमल्यास किंडलसारख्या ई-इंकच्या (कागदासारख्या पडद्याच्या) वाचनयंत्रावर. यंत्र नसेल तर किंडल प्रीव्ह्यूअर मोफत आहे. शाईने काढलेली माझी एक छोटी नक्षी पारदर्शक पार्श्वभूमीची होती, गडद पडद्यावर काळ्यावर काळी होऊन ती नाहीशी झाली.

मुखपृष्ठाबद्दल थोडक्यात. ॲमेझॉनच्या केडीपीवर (किंडल डायरेक्ट पब्लिशिंग, लेखकाने स्वतः पुस्तक प्रकाशित करण्याची सेवा) २५६० पिक्सेल उंच आणि १६०० रुंद हे माप सुचवलेलं आहे. तेवढं मोठं चित्र करा, पण पसंत करताना ते नखाएवढं करून बघा, कारण दुकानात ते तसंच दिसतं. नाव वाचता येत नसेल तर चित्र कितीही सुंदर असो, बदला. इंटरनेटवर सापडलेलं चित्र उचलू नका. मजकूर किंवा चित्र एआयकडून बनवून घेतलं असेल तर केडीपीवर पुस्तक चढवताना ते सांगावं लागतं.

पुस्तकाची ओळख लिहिताना मी पहिल्यांदा लिहिलं, "मानवी नातेसंबंधांचा वेध घेणारी कादंबरी". हे कुठल्याही कादंबरीला चालतं, म्हणजे माझ्या कादंबरीबद्दल ते काहीच सांगत नाही. मग लिहिलं: "वडिलांच्या अंत्यविधीला आलेल्या एका अनोळखी बाईकडे घराची किल्ली निघते." केडीपीवर ओळखीला ४००० अक्षरांची मर्यादा आहे, पण लोक वाचतात त्या पहिल्या दोन ओळी. शोधशब्दांसाठी सात खाने मिळतात. तिथे 'सुंदर', 'वाचनीय' असलं काही भरू नका. वाचक दुकानात काय टंकेल त्याचा विचार करा: 'कौटुंबिक रहस्यकथा' वगैरे.

दुकानं बरीच आहेत. केडीपी २०१६ च्या अखेरीपासून मराठी घेतं. गूगल प्ले बुक्स आहे, आणि एकाच जागेवरून अनेक दुकानांत पुस्तक पोचवणारं ड्राफ्ट टू डिजिटलही आहे. तिथे भाषा आणि अटी आधी पाहून घ्या. केडीपीवर 'सिलेक्ट' नावाची चौकट दिसेल. तिच्यावर खूण केली की ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, अगदी स्वतःच्या संकेतस्थळावरही नाही, आणि मुदत संपली की ती आपोआप पुन्हा सुरू होते. खूण करण्याआधी ठरवा, कारण बाकी दुकानं तेवढ्या काळासाठी बंद. मानधनाचे दर दोन: ३५ टक्के आणि ७० टक्के. ७० टक्क्यांना किंमतीची आणि देशांची बंधनं असतात, शिवाय फाइलच्या वजनानुसार पोचवण्याचा खर्च कापला जातो. म्हणून चित्रं हलकी ठेवा. ई-पुस्तकासाठी केडीपीवर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) सक्तीचा नाही, ॲमेझॉन स्वतःचा दहा अक्षरांचा क्रमांक देतं. टोपणनावाने लिहा, पण करासाठीच्या आणि बँकेच्या माहितीत खरं नाव लागतं. पैसे विक्रीचा महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतात, तेव्हा रोज सकाळी खातं उघडून बघू नका. मी बघायचे.

प्रकाशित करण्याचं बटण दाबल्यावर तपासणीला थोडा वेळ लागतो, आणि मग काहीच घडत नाही. हे मनाशी धरून चाला. पहिल्या आठवड्यात माझ्या अकरा प्रती गेल्या, त्यातल्या नऊ कुणी घेतल्या हे मला माहीत होतं. घरच्यांना अभिप्राय लिहायला सांगू नका, ॲमेझॉनच्या नियमात ते बसत नाही. अनोळखी वाचकाने लिहिलेल्या तीन ओळी मिळवायच्या तर पुस्तकाच्या शेवटी, गोष्ट संपल्या संपल्या, नम्रपणे विचारा. वाचक त्याच क्षणी तुमचा असतो.

चुका निघतीलच. सुधारलेली फाइल केव्हाही चढवता येते, पण ज्यांनी आधी घेतलं त्यांच्या यंत्रात जुनी प्रत राहू शकते. म्हणून श्रेयपानावर बारीक अक्षरात आवृत्तीचा क्रमांक टाका, कुणी चूक कळवली की ती कुठल्या प्रतीतली हे समजतं. मावशीला मी अभिप्राय लिहू दिला नाही, तर ती फोन करते. परवा म्हणाली, "आता कोरं काही नाही. पण नवव्या प्रकरणात पोरगी अजून एकदा दर्यात पडलीय बघ." १.६ मध्ये तिला बाहेर काढली.