रानरेड्यासाठी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल कशी निवडावी

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. त्यामुळे हे सगळं आफ्रिकेत परवान्यावर शिकार करणाऱ्यांसाठी, आणि डोळ्यासमोर प्राणी एकच: केप बफेलो, म्हणजे तिकडचा सहाशे-आठशे किलोचा रानरेडा.

दुकानात शिरण्याआधी परवाना कुठल्या देशाचा आहे ते पाहा. नामिबियात रानरेड्यासाठी नळीच्या तोंडाशी किमान ५,४०० ज्यूल ऊर्जा लागते. झिंबाब्वेत ५,३०० ज्यूल, शिवाय गोळीचा व्यास निदान ९.२ मिमी. ९.३×६२ हे १९०५ पासूनचं गुणी काडतूस आहे, पण नेहमीच्या भरणीत ते ४,८०० ज्यूलच्या आसपास थांबतं. म्हणजे या दोन्ही देशांच्या किमान ऊर्जेपेक्षा ते कमीच पडतं.

उरलेल्यांत पहिली रायफल म्हणून .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड; आकडा गोळीच्या इंचातल्या व्यासाचा) घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. १९१२ पासून ते चालत आलंय. ३०० ग्रेनची (साधारण १९.४ ग्रॅमची) गोळी सेकंदाला साधारण ७७० मीटर वेगाने सुटते, म्हणजे ५,७५० ज्यूलच्या घरात. धक्का .३०-०६ या नेहमीच्या शिकारी काडतुसाच्या जवळजवळ दुप्पट, तरी सरावाने अंगवळणी पडणारा. .४१६ रिग्बी ४०० ग्रेनच्या गोळीला ६,८०० ज्यूल देते, .४५८ लॉट ५०० ग्रेनला आठ हजारांच्या जवळ नेते. पण धक्का .३०-०६ च्या तिपटीच्या आसपास किंवा पुढे जातो. धक्क्याची धास्ती बसली की माणूस चाप ओढतानाच डोळे मिटतो आणि खांदा पुढे टाकतो. हे स्वतःला कळत नाही. सोबत्याला मॅगझिन भरायला सांगा आणि मधेच एखादं डमी (दारू नसलेलं) काडतूस घालायला सांगा. नुसतीच ‘टक्’ झाली आणि नळीचं तोंड खाली गेलं, तर कॅलिबर एक पायरी उतरवा. पोटात बसलेल्या .४५८ पेक्षा फुप्फुसातली .३७५ कधीही बरी.

तरीही मोठं कॅलिबर हवंच असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. .४१६ रिग्बीची पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) मोठी, त्यामुळे दाब कमी, साधारण ४७,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). .४१६ रेमिंग्टन तेवढंच काम लहान पुंगळीतून करते, म्हणून तिचा दाब ६५,००० पर्यंत चढू शकतो. भर उन्हात दाब आणखी वाढतो आणि मग पुंगळी चेंबरला (नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेला) धरून बसण्याची शक्यता असते. १९५६ च्या .४५८ विंचेस्टर मॅग्नमची सुरुवातीची बदनामीही पुंगळीत जागा कमी असल्यामुळेच झाली: दाबून भरलेल्या दारूचे गोळे व्हायचे आणि वेग पडायचा. जुना साठा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

आता बोल्ट, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये ढकलणारा, हाताने मागे-पुढे करायचा दांडा. इथे घासाघीस नको. माउझर ९८ च्या पद्धतीचा, बाहेरून लांब पंजा असलेला एक्स्ट्रॅक्टरच (पुंगळी बाहेर ओढणारा भाग) घ्या. काडतूस मॅगझिनमधून वर येता येताच हा पंजा त्याची कड पकडतो. साध्या पुश-फीड बोल्टमध्ये काडतूस नुसतं पुढे ढकललं जातं आणि बोल्ट पूर्ण बंद झाल्यावरच पकडलं जातं. घाईत बोल्ट अर्ध्यातून मागे ओढला की ते चेंबरच्या तोंडातच राहतं आणि मागून दुसरं येऊन अडकतं. पंधरा पावलांवर रेडा असताना हे निस्तरायला वेळ नसतो. विंचेस्टर मॉडेल ७० (१९६४ पूर्वीचं किंवा पंजा परत आल्यानंतरचं), रुगर हॉकआय आणि जुन्या बाजारात सीझेड ५५० या बघण्यासारख्या रायफली. काही पंजे मात्र थेट चेंबरमध्ये टाकलेल्या काडतुसावरून सरकत नाहीत. भरायचं ते मॅगझिनमधूनच.

.३७५ एच अँड एच काडतूस सव्वाएक्क्याण्णव मिमीच्या आसपास लांब असतं. साध्या लांबीची माउझर अ‍ॅक्शन (बोल्ट बसतो तो लोखंडी सांगाडा) कापून त्यात ते बसवलेल्या जुन्या रायफली मिळतात. खालच्या लॉकिंग लगच्या (बोल्ट बंद धरून ठेवणाऱ्या दाताच्या) मागचं लोखंड किती खाल्लंय, ते जाणत्या गनस्मिथकडून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

दस्त्याला लाकूड बांधून ठेवणारे आडवे स्क्रू-बोल्ट हवेत आणि नळीखाली दुसरा रिकॉइल लग (धक्का दस्त्यावर पेलणारा दात) असावा. जुन्या दस्त्यात टँगच्या (अ‍ॅक्शनच्या मागच्या शेपटीच्या) मागे आणि मॅगझिनच्या दोन्ही टोकांना केसासारखी चीर शोधा. बेडिंग (लोखंड लाकडात बसण्याची जागा) सैल असलं की धक्का तिथेच लाकूड फाडतो. पट्ट्याची पुढची कडी नळीवर असावी, दस्त्यावर असली तर बार उडताच डावा हात सोलते. स्कोपसकट वजन सव्वाचार किलोच्या आसपास ठीक. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग उघडा. नळीवरची पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप दिसली पाहिजे.

स्कोप १-६×२४ पुरे, डोळ्यापासून अंतर किमान ९ सेंमी, नाहीतर भुवई फुटते. माउंट झटकन निघणारे घ्या आणि साध्या साइट्स ५० मीटरवर लावून ठेवा, कारण जखमी रेड्यामागे झुडपात शिरताना स्कोप काढावा लागू शकतो.

आता मैदानावरची परीक्षा. एका काडतुसाची लांबी व्हर्नियरने मोजून घ्या, ते मॅगझिनमध्ये तळाला ठेवा आणि वर बाकीची भरा. बाकीची काडतुसं उडवा, प्रत्येक वेळी बोल्ट पूर्ण मागे, अगदी थडकेपर्यंत. ते शेवटचं काडतूस बाहेर काढून परत मोजा. लांबी घटली असेल तर गोळी पुंगळीत आत सरकली आहे. दाब वाढतो, भरणी बदला. त्याच वेळी तळपट्टीकडे (मॅगझिनच्या खालच्या झाकणाकडे) बघा, धक्क्याने ती उघडून काडतुसं जमिनीवर सांडणाऱ्या रायफली आहेत. स्कोपच्या कड्यांवर पेन्सिलीची खूण करून ठेवा म्हणजे तो पुढे सरकला की लगेच कळतं.

शेवटी गोळ्या. पहिल्या बारासाठी पसरणारी पण न फुटणारी, पूर्ण तांब्याची किंवा बाँडेड. त्यानंतरच्या बारांसाठी भरीव, म्हणजे न पसरणारी. भरीव गोळी आरपार जाऊन मागच्या जनावराला लागू शकते, म्हणून कळपात पहिली भरीव नको. दोन्ही प्रकार ५० मीटरवर एकाच ठिकाणी पडतात का ते उडवून पाहा. चार बोटांहून जास्त फरक पडला तर दुसऱ्या कंपनीची भरीव गोळी आणा.