दुबईहून लॅपटॉप आणायचाय? आधी चलनाचा हिशोब करा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बऱ्याच घरांतलं कुणीतरी आखातात नोकरीला असतं, नाहीतर गोव्याहून विमान धरून तिकडे जाऊन येतं. घरातल्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला की "तिकडून लॅपटॉप आणू का?" असं विचारणारा फोन ठरलेलाच. आणायला हरकत नाही. मात्र किमतीतला फरक बघून मिळणारा फायदा बहुतेक वेळा कार्डाच्या मशीनवरच गळून जातो, म्हणून हिशोब आधी करा.

सुरुवात गावातूनच करा. मॉडेलचा पूर्ण क्रमांक, प्रोसेसर, रॅम आणि स्टोरेज लिहून घ्या आणि इथल्या दुकानात व ऑनलाइन भाव विचारा. दसरा-दिवाळीची बँक सवलतही धरा. नावात एका अक्षराचा फरक असला तरी आतला माल वेगळा असू शकतो.

आता तिकडचा भाव. दुबईतल्या किमतीत ५ टक्के व्हॅट (तिथला विक्रीवरचा कर) धरलेला असतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत पाटीवरच्या किमतीवर विक्रीकर बिलात वेगळा चढतो, त्यामुळे तिकडचा आकडा वाचून लगेच खूश होऊ नका.

मग कार्ड. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतील तर निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करा आणि मर्यादाही बघा. बँकेचा 'फॉरेन करन्सी मार्कअप', म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते ते जादा शुल्क, किती ते विचारा. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर तो २ ते ३.५ टक्के असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. समजा लॅपटॉप ३,००० दिरहमचा (दिरहम म्हणजे दुबईचं चलन) आहे आणि हिशोबापुरता दिरहम २४ रुपये धरला, तर झाले ७२,००० रुपये. ३.५ टक्के मार्कअपचे २,५२० आणि त्यावरचा जीएसटी सुमारे ४५४. म्हणजे जवळजवळ तीन हजार रुपये नुसते चलन बदलण्याचे. मार्कअप न घेणारी कार्डंही मिळतात. घरात कुणाकडे असेल तर तेच न्या. फॉरेक्स कार्ड (आधीच परदेशी चलन भरून ठेवलेलं कार्ड) नेत असाल तर त्यात दिरहमच भरलेले असावेत. डॉलर भरून दिरहममध्ये खर्च केला तर पुन्हा चलनबदलाचे पैसे लागू शकतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट काउंटरवर घडते. कार्ड लावलं की मशीन विचारतं: रुपयांत भरता की दिरहममध्ये? रुपयांचा आकडा ओळखीचा, म्हणून आपला हात तिकडेच जातो. तो पर्याय घेऊ नका. तिथला दर दुकान आणि त्याची पेमेंट कंपनी ठरवते आणि त्यात त्यांचा नफा असतो. वर परदेशी दुकानात रुपयांत भरल्याबद्दल आपल्या अनेक बँका वेगळं शुल्क लावतात, म्हणजे दोन्हीकडून मार. "दिरहममध्येच घ्या" असं सांगा आणि पावतीवर रुपये छापून आले तर व्यवहार रद्द करायला लावा. परदेशी वेबसाइटवरही हाच नियम. चलनाचा पर्याय रुपयांवर असेल तर तो बदलून घ्या.

व्हॅटचा परतावा फक्त पर्यटकाला मिळतो. तिथे राहून नोकरी करणाऱ्या भावाला तो नाही. व्हिजिटवर गेलेल्या काकांना आहे. बिल करतानाच पासपोर्ट दाखवावा लागतो आणि विमानतळावर बॅग चेक-इन करण्याआधी तपासणी करून घ्यावी लागते. परत मिळते ती पूर्ण रक्कम नसते, शुल्क कापून मिळते.

भारतात येताना १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप जकातीशिवाय आणता येतो. सोबत कंपनीने दिलेला दुसरा असेल तर तोही मोजला जाऊ शकतो, म्हणून त्याची कागदपत्रं जवळ ठेवा. कुरिअरने मागवलात तर ही सूट नाही. कर आणि कुरिअर कंपनीचं शुल्क धरून बेळगावात पोहोचेपर्यंत फायदा उरत नाही. मी तरी तो मार्ग सुचवणार नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेल्यांनी, जीएसटी नोंदणी असेल तर, लॅपटॉप इथेच घ्यावा. इथल्या बिलावरचं १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी धंद्याच्या जीएसटीतून वजा करता येतो. बॅगेतून आलेल्या लॅपटॉपवर ते मिळणार नाही.

बिल करण्यापूर्वी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. वॉरंटी भारतात चालते का, आणि त्यासाठी कंपनीकडे वॉरंटीच्या नोंदीतला देश बदलून घ्यावा लागतो का? कीबोर्डवर अरबी अक्षरं आहेत का? चार्जरची पिन कोणती? आखातात चौकोनी तीन पिनांचा प्लग असतो, पण चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर नुसती वायर बदलून काम भागतं आणि ती इथे कुठल्याही कॉम्प्युटर दुकानात मिळते.