फेकोत चेंबर उथळ होतंय? बाटली चढवण्याआधी हे तपासा

फेको म्हणजे कंपन करणाऱ्या पोकळ टिपने मोतीबिंदू फोडून ओढून घेण्याची शस्त्रक्रिया; चेंबर म्हणजे डोळ्याचा पुढचा, पाण्याने भरलेला कप्पा. फेकोत डोळ्यातला दाब म्हणजे बाटलीतून आत येणाऱ्या आणि टिपमधून बाहेर जाणाऱ्या पाण्याचा हिशेब. ग्रॅव्हिटीवर चालणाऱ्या मशीनमध्ये बाटली 15 सें.मी. वर गेली की दाब साधारण 11 मिमी पाऱ्याने वाढतो. उंची मोजायची ती रुग्णाच्या डोळ्यापासून ड्रिप चेंबरमधल्या (बाटलीखालच्या थेंबांच्या कुपीतल्या) पाण्याच्या पातळीपर्यंत. टेबल वरखाली केलं की पडद्यावरचा आकडा फसवतो. बाटली 90 सें.मी.वर, पेडल पहिल्या पायरीवर (फक्त पाणी चालू) आणि गळती नाही, अशा वेळी डोळ्यात 66 मिमी पाऱ्याच्या आसपास दाब असतो. काचबिंदूच्या रुग्णाला इतका दाब फार वेळ देऊ नये.

टिप आत घालण्याआधी तिच्यावर रबरी टेस्ट चेंबर (तपासणीची मऊ टोपी) चढवून पेडल दुसऱ्या पायरीवर (पाणी आणि ओढ दोन्ही चालू) दाबावं. ते चपटं झालं तर दोष आपल्या हातात नाही, नळीत आहे: क्लॅम्प बंद, नळी मुडपलेली, किंवा काचेच्या बाटलीचा एअर व्हेंट (हवा आत घेणारं छिद्र) भिजून बसलेला.

पेरिस्टाल्टिक पंपावर (रोलरने नळी दाबून पाणी ओढणाऱ्या) सुरुवातीला, मोतीबिंदूत खाचा पाडताना, बाटली 70–80 सें.मी., फ्लो मिनिटाला 20–25 मिली आणि व्हॅक्यूम (ओढ) 40–60 मिमी पारा पुरतं. तुकडे खेचताना बाटली 90–100, फ्लो 28–32, व्हॅक्यूम 300 पर्यंत. हे आकडे मशीन, टिप आणि हातानुसार बदलतात.

खरा धोका तुकडे खेचतानाच. तुकडा टिपच्या तोंडावर बसला की व्हॅक्यूम चढतो आणि नळीच्या भिंती किंचित आत ओढल्या जातात. तुकडा सुटला की त्या परत फुगतात, चेंबरमधलं पाणी एका झटक्यात बाहेर जातं आणि मागची कॅप्सूल (मोतीबिंदूभोवतीचं पातळ आवरण) टिपवर येते. हाच सर्ज. यावर पहिला उपाय व्हॅक्यूम 50–100 ने उतरवणं. शेवटच्या तुकड्याला तर तो आधीच उतरवावा, कारण तेव्हा कॅप्सूलला आडोसा उरलेला नसतो.

सर्ज नसतानाही चेंबर बसत असेल तर जखम (टिप आत घालायला कापलेली फट) पाहावी. 2.8 मिमीच्या जखमेत 2.2 मिमीची स्लीव्ह (टिपभोवतीची मऊ नळी, हिच्यातून पाणी आत येतं) घातली तर कडेने पाणी गळत राहतं. उलट, जखम घट्ट असेल तर स्लीव्ह दबून आत येणारं पाणी अडतं आणि टिप तापून जखम भाजू शकते. साइड पोर्ट (दुसऱ्या हत्यारासाठीची लहान फट) मोठा झालाय का, तेही बघावं.

जास्त मायनस नंबरच्या डोळ्यात उलटंच घडतं: पाणी सोडताच चेंबर खूप खोल जातं, बाहुली ताणली जाते, रुग्ण कळवळतो. चॉपरने (तुकडे करायच्या बारीक हत्याराने) आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) कॅप्सूलच्या कडेपासून हलकेच उचलली की पाणी मागे-पुढे खेळतं आणि चेंबर जागेवर येतं.

टिप काढताना पेडल पहिल्या पायरीवर ठेवूनच साइड पोर्टमधून व्हिस्को (जागा धरून ठेवणारं घट्ट जेल) भरावं. मग पाणी बंद, मग टिप बाहेर.

चेंबर उथळ आणि डोळा मात्र दगडासारखा कडक, असं झालं तर बाटली चढवणं घातक. आधी लाल रिफ्लेक्स (बाहुलीतून दिसणारी डोळ्याच्या मागच्या पडद्याची लाल चमक) पाहावा. स्वच्छ असेल तर पाणी बहुधा झोन्यूलमधून (कॅप्सूलला धरून ठेवणाऱ्या धाग्यांमधून) मागे गेलंय. टिप काढून थांबावं, गरजेनुसार मॅनिटॉल (डोळ्यातला दाब उतरवणारं औषध) द्यावं. काळी सावली सरकत येत असेल तर रक्तस्राव धरून चालावं आणि त्याच क्षणी जखम टाक्याने बंद करावी.