शियामेनला जायचंय? मग ही तयारी घरूनच करून निघा

चीन म्हटलं की आपल्याकडे बीजिंग आणि शांघाय, नाहीतर मग धंद्याच्या कामाने ग्वांगझोऊ. पण तुम्हाला समुद्र आवडत असेल, भरपूर चालायची तयारी असेल आणि चीनची पहिलीच ट्रिप असेल तर मी डोळे झाकून शियामेन सांगेन. फुजियान प्रांतातलं हे शहर मूळचं एका बेटावरचं, पुलांनी मुख्य भूमीला जोडलेलं, टॉवर आणि मेट्रो सगळं आहे पण अर्ध्या तासात कुठूनही किनाऱ्यावर पोचता येतं. अडचण एकच, इथे दिवसभराचा सगळा व्यवहार मोबाईलवर चालतो आणि ती तयारी तिथे उतरल्यावर करायला बसलात तर पहिला दिवस गेलाच समजा.

आधी तारखा ठरवा. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, मे महिन्याचे पहिले पाच दिवस आणि चिनी नववर्ष हे तिन्ही टाळाच, तेव्हा अख्खा देश फिरायला निघालेला असतो. जुलै ते सप्टेंबर टायफूनचा काळ, वादळाचा इशारा आला की बोटी बंद. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत किंवा मार्च-एप्रिल, हे बेस्ट.

मग व्हिसा. चीनने बऱ्याच देशांना ट्रान्झिटमध्ये बिनव्हिसा राहायची सवलत दिलीये, तिचे व्हिडिओ बघून फसू नका, त्या यादीत भारत नाही. आपल्याला टुरिस्ट व्हिसा लागतोच, महाराष्ट्रातल्या लोकांसाठी मुंबईचं व्हिसा सेंटर. तिकिटं, हॉटेल बुकिंग, बँक स्टेटमेंट नीट लावा आणि तारखा सगळीकडे सारख्या आहेत ना ते दोनदा बघा.

जायचं कसं, तर मला हाँगकाँगवरून जाणं सोपं वाटतं. हाँगकाँगसाठी भारतीय पासपोर्टवर आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, ती फुकट आहे, प्रिंट काढून ठेवा. वेस्ट कौलून स्टेशनवरून शियामेनला थेट हायस्पीड ट्रेन आहे, साधारण चार तास, आणि गंमत म्हणजे चीनचं इमिग्रेशन त्याच स्टेशनात होतं, त्यामुळे ट्रेनमध्ये बसलात की थेट शियामेनलाच उतरायचं. तिकीट पासपोर्ट नंबरवर निघतं, म्हणून बुकिंग करताना नाव अगदी पासपोर्टवर आहे तसंच टाका.

आता मोबाईल, इथे जरा वेळ द्या कारण खरी ट्रिप इथेच सुधारते किंवा बिघडते. अलीपे, म्हणजे तिथलं पैसे देण्याचं अॅप, भारतात असतानाच डाउनलोड करा, पासपोर्टचा फोटो टाकून व्हेरिफाय करा आणि आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. एका वेळचं पेमेंट दोनशे युआनच्या आत असेल तर जास्तीचा चार्ज लागत नाही, त्याहून मोठं असेल तर तीन टक्के जातात. कार्डवर इंटरनॅशनल व्यवहार चालू करा आणि ज्या नंबरवर बँकेचा ओटीपी येतो ते सिम रोमिंगवर चालू ठेवा. हे मी कळकळीने सांगतेय कारण माझं सिम बंद होतं. एका देवळाबाहेर फळवालीने पेरूच्या फोडी करून, वर आंबटगोड मसाला भुरभुरवून पिशवी माझ्या हातात दिली आणि माझं पेमेंट काही होईना, बँक ओटीपी पाठवत होती आणि तो येत नव्हता. मागे रांग वाढत चाललेली. त्या बाईने पिशवी माझ्या हातातच दाबली, हाताने जा जा अशी खूण केली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. दुसऱ्या दिवशी मी कॅश घेऊन मुद्दाम परत गेले तेव्हा आधी घेईचना, मग हसत घेतले. तेव्हापासून पाचेकशे युआन सुट्टे जवळ ठेवतेच.

गूगल, व्हॉट्सअॅप, इन्स्टा हे सगळं तिथल्या वायफायवर बंद असतं. आपलं इंटरनॅशनल रोमिंग किंवा परदेशी ई-सिम असेल तर बहुतेक वेळा चालतं, म्हणून ई-सिम घरूनच टाका. नकाशासाठी अॅमॅप घ्या, इंग्रजीत चालतं. टॅक्सीसाठी दीदी अलीपेमध्येच मिळते. आणि हॉटेलचं नाव-पत्ता चिनी अक्षरात स्क्रीनशॉट काढून ठेवा, ड्रायव्हरला दाखवायला.

हॉटेल घेताना परदेशी पाहुणे घेतात का ते बुक करण्याआधी मेसेज करून विचारा. तुमची पोलिसांकडची नोंद हॉटेलवालेच करतात, पण कोणा ओळखीच्याच्या घरी उतरणार असाल तर चोवीस तासांच्या आत ती तुम्हाला स्वतः जाऊन करावी लागते, हे लोक हमखास विसरतात. आपली दोन गोल पिनांची प्लग बऱ्याच ठिकाणी बसते, तीन पिनांची नाही.

शियामेन नॉर्थ स्टेशनला उतरलात की टॅक्सी करू नका, मेट्रोची लाईन १ पकडा. स्टेशनात शिरताना प्रत्येक वेळी बॅग स्कॅन होते त्याची सवय करा. गाडी मुख्य भूमीवरचं जिमेई सोडून बेटाकडे निघाली की रूळ थेट समुद्रावरून जातात, दोन्ही बाजूंना पाणी, भरती असेल तर पाणी अगदी जवळ वाटतं. खिडकीपाशी उभं राहा. याच लाईनचं शेवटचं स्टेशन झेनहाई रोड, तिथून जुनी बाजारपेठ झोंगशान रोड चालत गाठता येते.

या शहरात एकच गोष्ट बघणार असाल तर गुलांग्यू बेट. १८४२ च्या तहानंतर हे बंदर परदेशी लोकांना खुलं झालं, तेव्हा त्याला अमॉय म्हणायचे, आणि मग या बेटावर वकिलाती, चर्च, बंगले, शाळा उभ्या राहिल्या. २०१७ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं. बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं, त्यावर मोटार नाही आणि सायकलसुद्धा चालवता येत नाही. घरोघरी पियानो होते म्हणून पियानोचं बेट म्हणतात, पियानोचं म्युझियमही आहे. इथे लोकांची एक चूक नेहमी होते. बेटाच्या अगदी समोर लुनदूचा धक्का दिसतो, पण दिवसा टुरिस्टांची बोट तिथून नसते, ती क्रूझ सेंटरच्या धक्क्यावरून सुटते आणि साधारण वीस मिनिटं लागतात. लुनदूवरून टुरिस्टांना संध्याकाळनंतर सोडतात. तिकीट आदल्या दिवशीच काढा, पासपोर्ट बरोबर ठेवा. जमलं तर एक रात्र बेटावरच राहा (सामान हातगाडीवाले पोचवतात), कारण दिवसाची गर्दी उतरली की गल्ल्यांमध्ये फक्त वडाच्या जातीची झाडं, त्यांच्या भिंतीवरून लोंबणाऱ्या पारंब्या आणि लाटांचा आवाज उरतो.

नानपुतोचं देऊळ दुसऱ्या दिवशी सकाळी करा. इथली मुख्य देवता ग्वानयिन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर. कान्हेरीच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर बघितला असेल तर इथली हजार हातांची ग्वानयिन बघताना वेगळंच वाटतं, इकडून निघालेला देव तिकडे आई होऊन बसलाय. आणि शाकाहारी मंडळींनो, देवळाचं स्वतःचं भोजनालय आहे, तिथे निर्धास्त जेवा, कांदा-लसूणही नसतो. बाहेर खाताना "वो छ सू" म्हणा, म्हणजे मी शाकाहारी आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. शियामेनच्या प्रसिद्ध शाचा नूडल्सच्या मसाल्यातच सुकी कोळंबी असते, वर भाज्या दिसल्या तरी. त्यापेक्षा झोंगशान रोडला शेंगदाण्याचं सूप घ्या. आपल्या उपासाच्या दाण्याच्या आमटीची गोड बहीण म्हणा, दाणे इतके शिजलेले की जिभेवर विरघळतात. काही ठिकाणी अंडं फोडून घालतात, म्हणून आधीच "बू याओ दान" सांगा.

ह्वानदाओ रोडवरून सायकलने किनाराभर फिरा, स्वच्छ हवेत समोर तैवानच्या ताब्यातली बेटं दिसतात. शियामेनहून त्यातल्याच किनमेन बेटाला बोट जाते, पण सिंगल एंट्री व्हिसावर गेलात तर चीनमध्ये परत येता येणार नाही आणि तैवानचा व्हिसा वेगळा लागतो, उत्साहात तिकीट काढू नका.

शेवटची संध्याकाळ चहाला ठेवा. इथल्या बोलीत चहाला 'ते' म्हणतात आणि याच किनाऱ्यावरून तो शब्द डच व्यापाऱ्यांबरोबर युरोपात जाऊन 'टी' झाला, आपला 'चहा' मात्र चिनीतल्याच 'छा'वरून आला. जवळच्या आन्शीचा तिएग्वानयिन मागा, म्हणजे लोखंडी ग्वानयिन, तीच देवळातली. दुकानदार पहिलं पाणी ओतून टाकतो, मग घोटभराच्या कपात एकामागून एक चहा देत राहतो, सातव्या कपापर्यंतही वास टिकतो. बिनदुधाचा, बिनसाखरेचा. घाई असेल तर आत शिरू नका, कारण कप रिकामा झाला की तो परत भरतो.